पहिली फॅमिली क्रूझ: दुकान तीन दिवस तुमच्याशिवाय चालेल का?



व्हिडिओ बघून इथे आला असाल तर वही-पेन घेऊनच बसा. व्हिडिओत आकडे भरभर गेले. इथे ते सावकाश मांडतो.

विषय वाचून काही जण म्हणतील, "सर, तुम्ही धंदा शिकवता की ट्रिप विकता?" ट्रिप विकत नाही. पण बारामती-इंदापूर भागात मला जे दुकानदार, डीलर, छोटे कारखानदार भेटतात, त्यांना मी एक प्रश्न हमखास विचारतो: घरच्यांना घेऊन सलग तीन दिवस शेवटचं कधी गेलात? बहुतेक जण हसतात. एक दादा म्हणाले, "लग्नानंतर गेलो होतो महाबळेश्वरला." त्यांचा मुलगा आता बारावीला आहे.

माझ्या वडिलांचं इंदापुरात किराणा दुकान होतं. आईला समुद्र बघायचा होता. वडील म्हणायचे, "बघू, एवढी दिवाळी जाऊ दे." दिवाळ्या जात राहिल्या, वडीलही गेले. मी स्वतः धंद्यात पडल्यावर तेच वाक्य माझ्या तोंडून निघालं, तेव्हा दचकलो. मग ठरवलं, आईला घेऊन समुद्रावर जायचं, आणि धंद्यात नवीन काम घेताना जसं नियोजन करतो तसंच करून जायचं.

त्या नियोजनाचे हे सात टप्पे.

टप्पा १: क्रूझच का, आणि कुठली?

आपल्या लोकांना समुद्रप्रवास नवा नाही. कोकणातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोटीनं मुंबईला यायची. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला ही बंदरं तेव्हा एसटी स्टँडसारखी गजबजलेली असायची. पण तो प्रवास गरजेचा होता. सुट्टी म्हणून जहाजावर जाणं हे अलीकडचं. २०१८ मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली होती. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीनं मुंबईहून 'एम्प्रेस' हे मोठं जहाज सुरू केलं आणि गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या केल्या.

पहिल्या वेळेला दोन किंवा तीन रात्रींची, देशातल्या देशातली फेरी घ्या. नवीन कंपनीचा माल आपण आधी दोन पेट्याच मागवतो, ट्रकभर नाही. तोच नियम इथे. परदेशी बंदराला लागणारी फेरी असेल तर पासपोर्ट लागतो, त्या देशाच्या व्हिसाचे नियम बघावे लागतात आणि परदेशी पॅकेजवर टीसीएस लागतो. तो टीसीएस तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करता येतो, पण पैसे आधी खिशातून जातात. पहिल्या ट्रिपला एवढं लचांड कशाला?

वयस्कर माणूस बरोबर असेल तर क्रूझचा एक मोठा फायदा आहे. बॅग एकदाच उघडायची. रोज नवं हॉटेल नाही, रोज गाडीत चढ-उतार नाही. आईचे गुडघे बघता मला हेच सगळ्यात पटलं.

टप्पा २: तारीख पंचांगात नाही, धंद्याच्या कॅलेंडरात बघा

पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचसुद्धा तेव्हा बंद असतात. त्यामुळे मुंबईहून जायचं तर दिवाळीनंतर ते उन्हाळ्यापर्यंतचा काळ बघायचा. आता त्यात तुमचा हंगाम बसवा.

कृषी सेवा केंद्र असेल तर पेरणीच्या तोंडावर हलता येत नाही. मंडप, केटरिंग असेल तर लग्नाच्या तिथी सोडा. ऊस वाहतुकीचा धंदा असेल तर कारखाना बंद झाल्याशिवाय विषयच काढू नका. दूध डेअरीला तर हंगामच नाही, रोजच हंगाम. त्यांनी टप्पा ६ दोनदा वाचावा.

मग महिन्यातले दिवस बघा. महिन्याला जीएसटी भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ अकरा तारखेला आणि ३बी वीस तारखेला. टीडीएस सात तारखेला. डिसेंबर आणि मार्चच्या पंधराला ॲडव्हान्स टॅक्स. कामगारांचे पगार पहिल्या आठवड्यात. म्हणजे राहिली २१ ते २८ तारीख. मुलांच्या परीक्षा टाळून त्यातले तीन दिवस निवडा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल गोल करा.

टप्पा ३: लँडिंग कॉस्ट काढा

जाहिरातीत लिहिलेलं असतं, "माणशी अमुक रुपयांपासून." आपण व्यापारी माणसं. कंपनीचा रेट म्हणजे आपली खरेदी किंमत नाही, हे आपल्याला शिकवायला नको. भाडं, हमाली, तूट धरून माल दुकानात येऊन पडतो तेव्हाची किंमत खरी. ट्रिपचंही तसंच.

खालचे आकडे फक्त हिशोबाची पद्धत कळावी म्हणून धरले आहेत. तुमच्या तारखेचे खरे आकडे तुम्ही भरायचे. पाच माणसं धरू: नवरा-बायको, दोन मुलं आणि आई. जाहिरातीतला दर माणशी १८,०००. डोक्यात लगेच गुणाकार होतो: ९०,०००. आता लँडिंग कॉस्ट बघा.

- भाडं: चौघांचे १८,००० प्रमाणे ७२,००० आणि खोलीतल्या तिसऱ्या माणसाला कमी दर, १०,०००. एकूण ८२,०००
- पोर्ट चार्ज, सर्व्हिस चार्ज, जीएसटी: ३०,०००
- बारामती-मुंबई गाडी येऊन-जाऊन, टोल, पार्किंग: १४,०००
- आदल्या रात्रीचा मुंबईतला मुक्काम आणि जेवण: ७,०००
- गोव्यात उतरून फिरणं: ६,०००
- जहाजावरचा वरखर्च: १०,०००

बेरीज १,४९,०००. त्यावर दहा टक्के राखीव म्हणून १५,००० धरा. झाले १,६४,०००.

डोक्यात ९० हजार होते, लागणार पावणेदोन लाखांच्या जवळपास. ही ७४ हजारांची तफावत शेवटी गल्ल्यातून निघते. ट्रिपनंतर दोन महिने सप्लायरचे फोन चुकवणारे लोक मी बघितलेत. त्यांची ट्रिप महाग नव्हती, त्यांचा हिशोब अर्धा होता.

खोल्यांचं गणितही नीट करा. भाडं सहसा एका खोलीत दोन माणसं धरून असतं. पाच माणसांना दोन खोल्या लागतात. आईला एकटीला खोली दिली तर एकटीचं जादा भाडं लागू शकतं. आम्ही आई आणि मुलगी एका खोलीत, आम्ही दोघं आणि मुलगा दुसऱ्या खोलीत, अशी विभागणी केली. बुकिंग करतानाच शेजारच्या खोल्या मागितल्या. आतली बिनखिडकीची खोली सगळ्यात स्वस्त असते. दिवसभर वर डेकवरच राहणार असाल तर ती चालते. आईची खोली मात्र आम्ही खिडकीची घेतली. तिला झोप कमी, पहाटे उठून ती भिंत बघत बसणार का?

टप्पा ४: पैसा कुठून येणार?

माझा नियम सरळ आहे: खेळतं भांडवल म्हणजे दुकानाचं रक्त. त्यातून सुट्टी नाही. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यावरही नाही.

वर्षभर आधी सुरुवात करा. १,६४,००० भागिले ३६५ म्हणजे रोजचे साधारण ४५० रुपये. आपल्याकडे पिग्मी भरायची सवय आहेच. वेगळं खातं काढा, त्याला 'समुद्र' नाव द्या आणि रोज संध्याकाळी गल्ला मोजल्यावर पहिल्यांदा ४५० बाजूला. पतसंस्था निवडताना फक्त व्याज बघू नका, तिचा व्यवहारही बघा. नाहीतर बँकेत महिन्याला १३,७०० ची आरडी.

रोज ४५० निघत नसतील तर ट्रिप मोठी आहे किंवा वेळ कमी आहे. दोन वर्षांनी जा. त्यात कमीपणा काही नाही.

आता नेहमीचा प्रश्न: "सर, हा खर्च दुकानात टाकला तर?" नाही. घरच्यांची सुट्टी हा वैयक्तिक खर्च आहे, धंद्याचा खर्च म्हणून तो मान्य होत नाही. पैसे दुकानाच्या खात्यातून गेलेच तर ते तुमची उचल म्हणून लिहा. बिझनेस टूर म्हणून बिल लावू नका.

दुसरा प्रश्न बियाणं, खत, पेंट, सिमेंटच्या डीलर मंडळींचा: "कंपनीच्या स्कीममध्ये क्रूझ आहे, फुकट." तीन गोष्टी तपासा. एक, टार्गेट गाठायला किती जादा माल उचलावा लागतोय? चार लाखांचा माल गोडाऊनला वर्षभर पडून राहिला तर ती क्रूझ फुकट नाही. दोन, स्कीम एकट्याला की जोडीला? आई आणि मुलं बहुतेक वेळा त्यात नसतात. तीन, धंद्यातून मिळालेला असा लाभ वर्षात २०,००० रुपयांच्या वर गेला तर त्यावर १० टक्के टीडीएसचा नियम १ जुलै २०२२ पासून आला. म्हणजे सरकार त्याला उत्पन्न समजतं. तुमच्या सीएला आधी विचारा, नंतर नाही.

टप्पा ५: बुकिंग आणि कागदपत्रं

ॲडव्हान्स देताना नव्या सप्लायरला जे प्रश्न विचारता तेच एजंटला विचारा. फर्मच्या नावानं खातं आहे का? जीएसटी नंबर असलेलं बिल मिळेल का? रद्द केलं तर कोणत्या तारखेपर्यंत किती टक्के कापणार? हे तोंडी नको, लेखी. कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे पाठवू नका. बुकिंग नंबर मिळाला की जहाज कंपनीकडे स्वतः फोन करून तो खरा आहे का बघा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. जितका उशीर, तितके पैसे लांब.

आता माझी चूक सांगतो. आईच्या आधारवर नाव एक आणि मी घाईत बुकिंगला टाकलं घरात बोलतो ते. आडनावाचं स्पेलिंगही वेगळं. टर्मिनलवर तासभर बाजूला उभं राहावं लागलं. आई सारखी म्हणत होती, "मला सोडा रे, तुम्ही जावा." शेवटी काम झालं, पण तो तास मी विसरणार नाही. दोष कोणाचा नाही, माझाच. मालाच्या बिलावरचा जीएसटी नंबर मी दोनदा तपासतो, आईचं नाव एकदाही तपासलं नव्हतं.

तेव्हा बुकिंग करताना प्रत्येकाचं ओळखपत्र समोर ठेवा आणि अक्षर-अक्षर तसंच टाका. लहान मुलांसाठी कोणतं कागदपत्र चालतं ते आधी वाचा. घरात कोणी गरोदर असेल तर बहुतेक कंपन्या २४ आठवड्यांनंतर घेत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

टप्पा ६: दुकानाची रंगीत तालीम

हा या धड्याचा गाभा आहे. किनारा लांब गेला की मोबाईलची रेंज जाते. जहाजाचं वायफाय वेगळं विकत घ्यावं लागतं. आणि फोन चालू ठेवून जहाजाचं रोमिंग लागलं तर बिल बघून घाम फुटेल, म्हणून फोन फ्लाइट मोडवर. म्हणजे दुकान खरोखर तुमच्याशिवाय चाललं पाहिजे.

आमचं बारामतीत पॅकेजिंग मटेरियलचं छोटं दुकान आहे. जायच्या तीन महिने आधी मी एक दिवस घरी बसलो. दुकानातल्या पोरांना सांगितलं, अडलं तरच फोन करा. दिवसात २७ फोन आले. प्रत्येक फोन वहीत लिहिला. ११ फोन रेट विचारायला. ८ फोन "अमुक माल कुठे ठेवलाय?" ५ फोन "याला उधार देऊ का?" खरंच माझी गरज होती असे फोन फक्त ३.

मग काय केलं? रेटची यादी छापून काउंटरच्या आत चिकटवली. रॅकना नंबर दिले. उधारीची यादी केली: कोणाला किती रकमेपर्यंत, आणि यादीत नसेल त्याला नाही. पुढच्या महिन्यात दोन दिवस घरी बसलो, ६ फोन आले. तिसऱ्या महिन्यात तीन दिवस, एकच फोन. तोही पोराला सुट्टी हवी होती म्हणून!

वडिलांचं दुकान त्यांच्याशिवाय एक दिवस चाललं नसतं, कारण सगळं त्यांच्या डोक्यात होतं. आपल्याला वाटतं, "माझ्याशिवाय पान हलत नाही" ही कौतुकाची गोष्ट आहे. ती धंद्यातली सगळ्यात मोठी जोखीम आहे. आजारपण तारीख विचारून येत नाही. सुट्टी निदान सांगून येते, तर तिच्यावर सराव करून घ्या.

तुकोबांची पालखी दरवर्षी काटेवाडी, बेलवाडी, निमगाव केतकीवरून इंदापूरला येते. त्यातली एखादी दिंडी जवळून बघा. तंबू कोण लावणार, पाण्याचा टँकर कुठे थांबणार, स्वयंपाक किती वाजता, सगळं ठरलेलं. एक माणूस आजारी पडला म्हणून दिंडी थांबत नाही. आपलं दुकान तसं पाहिजे.

टप्पा ७: माणसांची तयारी

आमच्या भागात पाण्याची भीती उगाच नाही. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्यानंतर आई म्हणाली होती, "पाण्याचं नाव काढू नको." अशा भीतीला हसू नका, तिला उत्तर द्या.

मी आधी तिला मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत बसवलं. तासाभराचा प्रवास, गाडीसकट. तिला मळमळतं का तेही कळलं. भिगवणला पक्षी बघायला जाणारी होडी यासाठी उपयोगाची नाही. धरणाचं पाणी वेगळं, समुद्राची लाट वेगळी.

जहाजावर चढल्यावर सुरक्षेची कवायत असते. लाइफ जॅकेट कसं घालायचं, कोणत्या जागी जमायचं, हे दाखवतात. ती कंटाळवाणी वाटते, पण सगळ्यांनी करायचीच. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळलं आणि ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाले. आईनं ती कवायत केली, जॅकेट घातलं आणि तिचा चेहरा सैल झाला. तिला कोणी तरी सगळं नीट समजावून सांगितलं, एवढंच हवं होतं.

बाकी छोट्या गोष्टी:

- खोली जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवर घेतली तर हेलकावे कमी लागतात. मळमळीची गोळी आपल्या डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः बीपी-शुगर असेल तर.
- बॅगा टर्मिनलवर घेतात आणि खोलीत उशिरा पोचवतात. औषधं, चष्मा, एक जोड कपडे हातातल्या पिशवीत.
- जहाजावर रोख चालत नाही. खोलीचं कार्डच उधारीची वही असते, शेवटी एकदम बिल. मुलांच्या कार्डाला मर्यादा घालून घ्या.
- साधं जेवण भाड्यात असतं, शाकाहारीही मिळतं. पण काही रेस्टॉरंट, स्पा, वायफाय वेगळे. आत काय आणि बाहेर काय, याची यादी आधी मागा. घरून डबे भरून नेण्याआधीही नियम वाचा.
- बारामतीहून मुंबई साधारण २५० किलोमीटर. इंदापूरकरांना आणखी जास्त. घाटात गाडी अडकली तर जहाज थांबत नाही. आदल्या दिवशीच मुंबई गाठा. रेल्वेनं यायचं तर दौंडहून सीएसएमटी, तिथून बंदर जवळच आहे.

परत आल्यावर

दुकान उघडून गल्ला, स्टॉक, उधारी तपासली. पोरानं यादीबाहेरच्या एकाला ४,२०० ची उधारी दिली होती. रागावलो नाही. यादीत त्या गिऱ्हाइकाच्या भावाचं नाव होतं आणि मी फक्त आडनाव लिहिलं होतं. पुन्हा नावाचीच चूक, पुन्हा माझीच. तीन दिवसांत एवढी एकच चूक झाली, म्हणजे दुकान पास झालं.

आणि आई? दुसऱ्या दिवशी पहाटे मी तिला शोधत डेकवर गेलो. ती कठड्याला धरून उभी होती. चारही बाजूंनी पाणी. मला म्हणाली, "दुकान बंद ठेवून आले असते तर काय बिघडलं असतं रे त्यांचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गृहपाठ: या आठवड्यात एक दिवस दुकानात जाऊ नका. आलेला प्रत्येक फोन वहीत लिहा आणि चार गटांत टाका: रेट, जागा, उधारी आणि खरं काम. पहिले तीन गट कागदावर उतरवायला लागा. आणि त्याच संध्याकाळी 'समुद्र' खात्यात पहिले ४५० रुपये टाका. समुद्रावर जायचं नसेल तर खात्याला दुसरं नाव द्या, पण तारखेवर लाल गोल मात्र आजच करा.

भेटू पुढच्या धड्यात.